बटण लावता लावता विचारायचा प्रश्न

पक्षाघात होऊन सात आठवडे झालेत. उजवा हात अजून पुरता ऐकत नाही. टेबलावर शर्ट पसरलेला, शेजारी बटण ओढून घ्यायचा तारेचा हुक. साठी ओलांडलेले एक गृहस्थ तिसऱ्या बटणाशी झटताहेत आणि समोर बसलेली ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून सराव करून घेणारी, त्यांच्या मनगटाखाली नुसतं एक बोट धरून आहे. दोघांचीही नजर बटणावर. तेवढ्यात ते म्हणतात, "हे शिकून आता करायचंय काय? माझं काय, आज आहे उद्या नाही. खरं सांगू का, नसलेलंच बरं."

ती म्हणते, "असं बोलू नये हो. बघा, परवापेक्षा आज किती छान जमतंय." आणि चौथ्या बटणाकडे बोट दाखवते.

प्रसंग मी रचलेला आहे. पण पुनर्वसनाच्या खोलीत काम केलेल्या कुणालाही तो आपल्याकडचाच वाटेल. थेरपिस्टचं चुकलं का? चारचौघांच्या दृष्टीने अजिबात नाही. तिने धीर दिला, समोरच्याचं लक्ष जमणाऱ्या गोष्टीकडे वळवलं. आपण सगळे हेच करतो. फक्त एवढंच की एक दार किलकिलं झालं होतं आणि तिने ते प्रेमाने लोटून घेतलं. ते गृहस्थ पुन्हा तो विषय तिच्यापाशी काढणार नाहीत. "असं बोलू नये" हे त्यांना कळलं.

समोरच्याच्या बोलण्यातून आत्महत्येच्या विचाराची अशी चाहूल लागली तर काय करायचं, हे ऑक्युपेशनल थेरपिस्टना सक्तीने शिकवावं का? माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो: शिकवावं, आणि सक्तीनेच. पण आज ज्या स्वरूपात ही सक्ती केली जाते, तिच्यातला अर्धा भाग चुकीच्या माणसाला शिकवला जातो आणि उरलेला अर्धा शिकवलाच जात नाही.

सक्तीचा नमुना अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याचा आहे. २०११ मध्ये मॅट ॲडलर या वकिलाचा आत्महत्येने मृत्यू झाला. त्यांच्या पत्नी जेनिफर स्टूबर वॉशिंग्टन विद्यापीठात प्राध्यापक. मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करणाऱ्यांना आत्महत्येचा धोका ओळखायचं शिक्षण सक्तीचं असावं, यासाठी त्यांनी पाठपुरावा केला आणि २०१२ मध्ये ॲडलर यांच्या नावाने कायदा झाला. असा कायदा करणारं ते अमेरिकेतलं पहिलं राज्य. यादीत मानसशास्त्रज्ञ होते, समुपदेशक होते, सोशल वर्कर होते, व्यसनमुक्तीचं काम करणारे होते. आणि पहिल्यापासून ऑक्युपेशनल थेरपिस्टही होते. डॉक्टर, नर्स, फिजिओथेरपिस्ट दोन वर्षांनी, २०१४ च्या दुरुस्तीने आले, तेही एकदाच प्रशिक्षण घेण्यापुरते. ऑक्युपेशनल थेरपिस्टला मात्र दर सहा वर्षांनी निदान एकदा ते घ्यावं लागतं. समुपदेशकांना किमान सहा तास. ऑक्युपेशनल थेरपिस्टना किमान तीन, कारण त्यांच्याकडून उपचारांची अपेक्षा नाही, धोका ओळखून योग्य ठिकाणी पाठवण्याची आहे. २०१७ पासून हे प्रशिक्षण राज्याच्या आरोग्य खात्याने मंजूर केलेल्या यादीतलंच असावं लागतं.

यावर पहिली कुरकुर ठरलेली: हे आमचं काम नाही. आम्ही हात बघतो, अंघोळ बघतो, व्हीलचेअर बघतो.

ही कुरकुर मला खरंच कळत नाही, कारण हा व्यवसाय जन्मला तोच मनोरुग्णालयांच्या अंगणात. १९१७ मध्ये न्यूयॉर्क राज्यात क्लिफ्टन स्प्रिंग्स इथे ज्या मूठभर लोकांनी या व्यवसायाची पहिली राष्ट्रीय संघटना उभी केली, त्यांच्यात एलिनॉर क्लार्क स्लॅगल होत्या. मानसिक आजाराने खचलेल्या माणसाला दिवसाची घडी परत बसवून देणं, म्हणजे उठणं, आवरणं, काहीतरी हाताने करणं, विसावा घेणं, यावर त्यांचं काम उभं होतं. हात आणि मनगट मोठ्या प्रमाणावर आलं ते पहिल्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांबरोबर. आपल्याकडचा 'व्यवसायोपचार' हा शब्द तर आणखी घोटाळा करतो. ऐकणाऱ्याला वाटतं इथे नोकरी लावून देतात. खरा अर्थ आहे माणसाचा दिवस ज्या कामांनी भरलेला असतो ती कामं. आणि जगणं नकोसं होतं तेव्हा सगळ्यात आधी उसवतो तो दिवसच.

शिवाय त्यांच्याकडे येतं कोण, तेही बघा. मेंदूला मार लागलेले, पक्षाघात झालेले, हात गमावलेले, वर्षानुवर्षं दुखणं अंगावर काढणारे, मनोरुग्णालयातून नुकतेच घरी आलेले. मेंदूला इजा झालेल्यांविषयी डेन्मार्कमधला एक मोठा अभ्यास २०१८ मध्ये आला. ७४ लाखांच्या वर लोकांच्या नोंदी त्यात तपासल्या होत्या. डोक्याला मार लागून उपचार घ्यावे लागलेल्यांत आत्महत्येचं प्रमाण इतरांच्या जवळपास दुप्पट निघालं. म्हणजे ज्याला आपण 'हातापायाचा पेशंट' म्हणून खुर्चीत बसवतो, त्याच्या फाइलवर मानसोपचाराचा शब्दही नसेल, पण धोका त्याच्याबरोबर खोलीत आलेला असतो. अमेरिकेतल्याच जुन्या आकडेवारीत आत्महत्येने गेलेल्यांपैकी सुमारे ४५ टक्के लोक शेवटच्या महिन्याभरात साध्या, नेहमीच्या डॉक्टरांना भेटून गेलेले दिसतात. मानसोपचाराकडे त्याच काळात गेलेले पाचातला एखादाच. माणसं आरोग्यव्यवस्थेत येतात. ती भलत्या खोलीत येतात, इतकंच. की ती खोली भलती आहे असं आपण ठरवून बसलोय?

माझ्या मते खरा मुद्दा याहून बारीक आहे. ऑक्युपेशनल थेरपिस्टची खोली ही बोलण्यासाठी बनवलेली नाही आणि म्हणूनच तिथे बोललं जातं. समुपदेशकासमोर दोन खुर्च्या समोरासमोर असतात, आता बोला. इथे हात गुंतलेले असतात, डोळे बटणावर असतात, समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघावं लागत नाही. शेंगा सोलताना, विणताना, गाडी चालवताना माणसं जे बोलून जातात ते टेबलाच्या दोन बाजूंना बसून बोलत नाहीत. त्यात आठवड्यातून दोन-तीनदा, महिनोन्‌महिने तोच माणूस भेटतो. थेरपिस्टने त्याला अंघोळ करताना पाहिलेलं असतं, पडताना पाहिलेलं असतं. तिथे लाज कधीच गळून गेलेली असते.

दुसरी भीती अशी की विचारलं तर नसलेला विचार डोक्यात शिरेल. ही शंका फार काळ चालत आली, संशोधकांनी ती पुन्हा पुन्हा तपासली, आणि थेट विचारल्याने आत्महत्येचे विचार वाढतात याला आधार मिळालेला नाही. उलट बऱ्याच जणांना हायसं वाटतं. इथे जास्त थांबायचं कारण नाही.

थांबायचं कारण आहे ते तिसऱ्या आक्षेपापाशी, कारण तो खरा आहे. तीन तासांनी काय होतं? कॉम्प्युटरवर स्लाइड पुढे ढकलायच्या, शेवटी दहा प्रश्न, पासिंगचे मार्क, सर्टिफिकेट डाऊनलोड, लायसन्सच्या फाइलमध्ये जमा. सहा वर्षं सुटका. सक्ती आली की अशी पळवाट तिच्या मागोमाग येतेच आणि ती नाकारण्यात अर्थ नाही.

पण 'तीन तासांत काहीच होत नाही' हेही खरं नाही. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात ३२ शाळांमध्ये एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २००८ मध्ये छापले गेले. शाळेतल्या कर्मचाऱ्यांना, सगळ्यांना, धोका ओळखून विचारायचं छोटं प्रशिक्षण दिलं. वर्षभरानंतर पाहिलं तर ज्ञान वाढलं होतं, आत्मविश्वासही वाढला होता. मुलांना प्रत्यक्ष विचारण्याचं प्रमाण मात्र वाढलं ते फक्त अशा मोजक्या लोकांत, ज्यांच्याशी मुलं आधीपासूनच मनातलं बोलत होती. बाकीचे शिकले आणि गप्प राहिले. या निकालाकडे बघून अनेकांनी अशा प्रशिक्षणावर फुली मारली. मी त्यातून उलटा धडा घेतो. सरसकट सगळ्यांना शिकवण्यापेक्षा ज्यांच्यापाशी माणसं आधीच बोलतात त्यांना आधी शिकवा. आरोग्यसेवेत अशी माणसं शोधायला निघालात तर ऑक्युपेशनल थेरपिस्ट यादीत बऱ्याच वर येतील. वॉशिंग्टनच्या विधिमंडळाने त्यांना पहिल्याच यादीत घेतलं, ते यामुळे घेतलं की नुसतं सोयीने, कोण जाणे. पण निर्णय बरोबर ठरला.

मग चुकतं कुठे? शिकवण्यात. बहुतेक अभ्यासक्रम बेतलेले असतात ते समुपदेशकाच्या मापाने आणि ऑक्युपेशनल थेरपिस्टना त्यांचीच आखूड केलेली आवृत्ती दिली जाते. सहा तासांतले 'उपचार' काढून टाका, उरले तीन. मोठ्या भावाचा शर्ट कापून धाकट्याला घालावा तसं. आणि उरलेल्या तीनांत भरलेलं काय असतं? आकडेवारी आणि धोक्याच्या लक्षणांच्या याद्या: वय, लिंग, एकटेपणा, व्यसन, आधीचा प्रयत्न. याद्या खोट्या नाहीत. पण त्यांनी भाकीत करता येत नाही. २०१७ मध्ये पन्नास वर्षांतले ३६५ अभ्यास एकत्र करून पाहिले गेले, तेव्हा एकेका लक्षणावरून पुढचं सांगण्याची ताकद नाणं उडवण्याहून जेमतेम बरी निघाली. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने तर २०२२ च्या मार्गदर्शनात स्पष्टच सांगितलं: माणसाला कमी, मध्यम, जास्त धोका अशा खणांत टाकू नका आणि त्या खणावरून कुणाला मदत द्यायची हे ठरवू नका. तज्ज्ञांना जे जमत नाही ते हाताच्या थेरपिस्टने तीन तास शिकून करावं, ही अपेक्षाच वेडगळ आहे. शिवाय ती तिला घाबरवते. भाकीत चुकलं तर जबाबदार कोण? या भीतीने दोनच गोष्टी होतात. एक तर विचारायचंच नाही, कारण विचारलं नाही तर कळलं नाही, कळलं नाही तर जबाबदारी नाही. किंवा उसासा टाकणाऱ्या प्रत्येकाला थेट इमर्जन्सीत पाठवायचं. दोन्हीत पेशंटला एकच धडा मिळतो: पुढच्या वेळी तोंड उघडायचं नाही.

मला तीन तास हाती दिले तर पहिला तास मी बोलण्यात घालवीन. थेरपिस्टच्या बोलण्यात, शिकवणाऱ्याच्या नव्हे. जोड्या लावून, खऱ्या शर्टाची खरी बटणं हातात देऊन. "नसलेलंच बरं म्हणालात. जीव द्यायचा विचार मनात येतो का?" हे वाक्य सहकाऱ्याच्या तोंडाकडे बघत मोठ्याने म्हणून बघा. पहिल्यांदा आवाज खाली जातो. दुसऱ्यांदा लोक हसतात, ओशाळून. काहीजण नकळत "तसं काही नाही ना मनात?" असं करून टाकतात. हे तर उत्तर आधीच पढवलेलं वाक्य; त्याला माणूस 'नाही'च म्हणणार. ते 'ना' गाळायला सराव लागतो. चार-पाच वेळा म्हटल्यावर ते वाक्य "रात्री झोप लागते का?" याच्या सुरात निघायला लागतं, आणि मग ते कामाचं. यासाठी स्लाइड चालत नाही, समोर माणूस लागतो.

दुसऱ्या तासात मी या व्यवसायाला त्याच्या स्वतःच्या हत्यारांची आठवण करून देईन. बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राऊन यांनी एक साधी पद्धत बनवली आहे, 'सेफ्टी प्लॅन'. पेशंटबरोबर बसून एका कागदावर लिहायचं: वादळ येतंय हे मला कशावरून कळतं, तेव्हा मी एकट्याने काय करू शकतो, कुठे जाऊ शकतो, कोणाला फोन लावू शकतो, कोणत्या तज्ज्ञाला, आणि घरातली धोक्याची वस्तू दूर कशी ठेवायची. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या पाच इस्पितळांत हा कागद आणि त्यानंतर विचारपूस करणारे फोन एवढंच केलं गेलं. २०१८ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा पुढच्या सहा महिन्यांत आत्महत्येच्या प्रयत्नांसारखं वर्तन नेहमीचे उपचार मिळालेल्यांपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी कमी दिसलं. चिठ्ठ्या टाकून गट पाडलेली ती चाचणी नव्हती, हे लक्षात ठेवायला हवं. तरी इतक्या साध्या कागदाच्या मानाने फरक मोठा आहे.

आता तो कागद आपल्या बटणवाल्या गृहस्थांच्या हातात द्या. 'एकट्याने काय करू शकतो' या ओळीवर समुपदेशक लिहील: फिरायला जाणं, वाचणं. ते जिना उतरू शकत नाहीत. वाचताना ओळीची एक बाजू त्यांना दिसतच नाही. 'कोणाला फोन' या ओळीवर मुलीचं नाव येईल. पण फोनचं लॉक उजव्या अंगठ्याने उघडतं आणि अंगठा हलत नाही. रात्री अडीच वाजता, अंधारात, डाव्या हाताने तो फोन त्यांना उघडता येतो का? हा प्रश्न समुपदेशकाला सुचणार नाही, मानसोपचारतज्ज्ञालाही नाही. ऑक्युपेशनल थेरपिस्टला पहिल्या मिनिटाला सुचेल, कारण हेच तर तिचं काम. ती डाव्या हाताने लॉक उघडायचा सराव करून घेईल, मुलीचा नंबर एका बटणावर आणून ठेवेल, कागद मोठ्या अक्षरांत लिहून जी बाजू दिसते त्या बाजूला लावेल. वाचा गेलेल्या माणसासाठी तो कागद चित्रांचा करेल. आणि 'वस्तू दूर ठेवणं' म्हणाल, तर घरी जाऊन गालिचे, उंबरे, नहाणीतल्या दांड्या आणि औषधांचं कपाट बघणारी आरोग्यसेवेतली माणसं किती? पडू नये म्हणून जी घर तपासते, ती शिल्लक औषधांचा साठाही त्याच फेरीत बघू शकते. बंदुकीने होणाऱ्या आत्महत्या जिथे निम्म्याहून जास्त आहेत त्या अमेरिकेत तर बंदूक कुठे असते, कुलपात असते का, हे विचारायला याहून सहज प्रसंग नाही.

म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्टला समुपदेशकाचं शेपूट समजून शिकवण्याची गरज नाही. दुसरं कुणी करू शकणार नाही असं काहीतरी तिला करता येतं, आणि तेच अभ्यासक्रमात सापडत नाही.

तिसरा तास? तो मी थेरपिस्टला देणारच नाही. तो ती जिथे नोकरी करते त्या संस्थेला देईन. वॉशिंग्टनच्या कायद्याची, आणि तशा कुठल्याही कायद्याची, दुखरी नस इथे आहे: तो लायसन्सवाल्याला बांधतो, क्लिनिकला नाही. ती विचारते, ते "हो" म्हणतात. घड्याळात अकरा वाजून बत्तीस मिनिटं झालीत, पावणेबाराला पुढचा पेशंट बाहेर बसलाय. आता काय? कोणाला बोलवायचं? बोलावलेली व्यक्ती येईपर्यंत या गृहस्थांजवळ कोण बसणार? बाहेरच्या पेशंटला कोण घेणार? या अर्ध्या तासाचं बिल कोणत्या खात्यात? बहुतेक ठिकाणी आग लागली तर काय करायचं ते भिंतीवर लावलेलं असतं, हृदय बंद पडलं तर कोणता नंबर फिरवायचा ते फोनवर चिकटवलेलं असतं. या प्रसंगासाठी "रेफर करा" एवढा एक शब्द असतो. कुठे, कोणाकडे, किती दिवसांनी, याचा पत्ता नाही. मानसोपचाराची पुढची तारीख सहा आठवड्यांनंतरची असेल तर रेफर करणं म्हणजे पत्र पोस्टात टाकून मोकळं होणं. अमेरिकेत २०२२ पासून ९८८ ही देशभराची हेल्पलाइन आहे. तिथे तो फोन पेशंटबरोबर बसून, स्पीकरवर टाकून लावता येतो. हे करायचं असतं, हेही कुणीतरी सांगावं लागतं.

म्हणून नियमात दोन बदल मला हवेत. लायसन्स देणाऱ्या बोर्डाने प्रशिक्षणाचे तास मोजताना प्रत्यक्ष बोलण्याच्या सरावाला वेगळी अट घालावी. तीनातला निदान एक तास कुणासमोर तरी बसून. आणि जिथे ऑक्युपेशनल थेरपिस्ट नोकरी करतात त्या प्रत्येक संस्थेने एका पानाचं लेखी उत्तर तयार ठेवावं: "हो" म्हणाल्यावर पहिल्या तासात काय. त्यात नाव हवं, नंबर हवा, पुढच्या पेशंटला कोण घेणार ते हवं. ते पान नसेल तर सर्टिफिकेट फक्त थेरपिस्टकडून मागायचं, हा अन्याय आहे. भार सगळा तिच्यावर आणि साधन काहीच नाही.

सहा वर्षांचं अंतर फार आहे, असंही मला वाटतं. अशा प्रशिक्षणातून आलेली धिटाई काही महिन्यांत ओसरायला लागते. पण ताससंख्या वाढवायला माझा विरोध आहे. वाढवलेले तास पुन्हा स्लाइडांनीच भरतील. त्याऐवजी वर्षातून एकदा, दुपारच्या जेवणाआधी वीस मिनिटं, विभागातल्या सगळ्यांनी ते एक वाक्य एकमेकांना विचारावं आणि भिंतीवरचा नंबर अजून चालतोय का ते लावून बघावं. त्याला सर्टिफिकेट नको, खर्च नाही.

आणि एक गोष्ट, जी कुठल्याच तासांत बसत नाही. सगळं नीट करूनही एखादा पेशंट जातो. सोमवारी त्याची वेळ असते आणि तो येत नाही, आणि मग कळतं. त्या टेबलावर त्याचा अर्धवट झालेला सराव असतो, त्याच्या मापाचा करून ठेवलेला चमच्याचा दांडा असतो. मानसोपचार विभागात अशा वेळी निदान बसून बोलायची काही पद्धत असते. हाताच्या क्लिनिकमध्ये ती नसते, कारण तिथे असं काही घडतं हेच गृहीत धरलेलं नाही. थेरपिस्ट तो दांडा खणात टाकते आणि पावणेबाराच्या पेशंटला आत बोलावते. विचारायची सक्ती करणाऱ्या प्रत्येक नियमात तिच्या त्या दुपारसाठीही एक ओळ असायला हवी. अजून तरी मी ती कुठे वाचलेली नाही.